क्लोरेटची वडी

धप्प असा आवाज झाला, सगळ्यांच्या कानांना दडे बसले आणि डोक्यावरची झाकणं उघडून पिवळे मास्क नळ्यांना लोंबकळायला लागले. विमानात धुक्यासारखं पांढरं दाटलं आणि विरलं. सुनेनं समोरचा मास्क खसकन खाली ओढून तोंडाला लावला, मग शेजारी बसलेल्या सासूच्या तोंडावर दुसरा बसवला. तिसरा खिडकीजवळच्या जाडजूड गृहस्थानं स्वतःच घेतला.

विमान नाक खाली करून उतरायला लागलं होतं. मास्कची पिशवी फुगली नाही तरी हवा येतेय, घाबरू नका, श्वास घेत राहा, असं हवाईसुंदरी पुन्हा पुन्हा सांगत होती.

तेवढ्यात जळका वास आला. काहीतरी पेटलंय, असं खिडकीजवळचा गृहस्थ मास्कमधूनच म्हणाला. ते ऐकलं मात्र, सासूनं मास्क उपटून काढला. सुनेनं परत लावला. तिनं परत काढला. तिचे ओठ निळसर पडायला लागले होते आणि बोलणं भलतीकडेच चाललं होतं. दूध उतू जातंय, गॅस बंद कर, असं ती सुनेला सांगत होती.

सुनेनं तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली, स्वतःचा मास्क बाजूला केला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, हा वास मी रोज अंगावर घेऊन घरी येते. ओळखा की. वर पेटलंय ते आपल्यासाठीच पेटलंय. घ्या श्वास."

सासूनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग मास्क लावू दिला. सुनेचं मुकाट्यानं ऐकायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

सून ज्या कारखान्यात कामाला होती, तिथं क्लोरेट नावाचं पांढरं मीठ लोखंडाच्या भुकटीत मिसळून, यंत्राखाली दाबून त्याच्या जाड वड्या करत आणि विमानाच्या छतात बसवायच्या पत्र्याच्या डब्यात भरत. मास्क ओढला की डब्यातली टिकली फुटते, वडी पेटते आणि जळता जळता पोटातला प्राणवायू सोडत जाते. मग ती विझवता येत नाही. तेलाशी तर तिचं हाडवैर. तेलाचं बोट लागलं तरी भडका उडायचा, म्हणून तिथल्या बायका कामाच्या दिवशी डोक्यालाही तेल लावत नसत, आणि त्या भुरकट केसांवरून सासूनं सुनेला कमी ऐकवलं नव्हतं. रोज एखादी वडी चाचणीच्या खोलीत पेटवून बघत. काटा हलायचा, साहेब मान डोलवायचे. तिनं पाहिलं होतं ते एवढंच. त्या वडीवर माणूस जगताना तिनं कधी पाहिला नव्हता. तशी वेळच कुणावर येऊ नये, असं कारखान्यात सगळे म्हणत.

आता ती मान वळवून बघत होती. ह्या वड्या तिच्याच हातच्या असतील असं नाही. कुणाच्या का असेनात. रांगांमागून रांगा, म्हातारेकोतारे, नवराबायको, आईच्या मांडीवरचं तान्हं. पिशव्या थरथरत होत्या. रडारड थांबली होती. अख्खं विमान मिठाच्या ढेकळांतून श्वास ओढत होतं. तिच्या अंगावर काटा आला तो जाईना.

विमान धडपणे टेकलं. लोक उठले, दाराकडे रेटारेटी सुरू झाली. सासू जागची हलली नाही. वर बघत तिनं विचारलं,

"आता त्या डब्यात काय राहिलं असेल?"

"मीठ," सून म्हणाली. "आपण भाजीत घालतो ना, तेच. प्राणवायू निघून गेला की नुसतं मीठ उरतं."

सासू उठली, टाचा उंचावल्या, आणि तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात तिनं त्या उघड्या झाकणाशेजारी ठेवला. मागचे लोक खोळंबले. तिनं हात काढला नाही.

"अजून गरम आहे गं," ती म्हणाली.