बहिरं झाड

सरकारने घरोघरी बसवलेलं पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट हेमांगीने दणकन बाल्कनीत ठेवलं आणि काचेचं दार लावून घेतलं. याच मेल्या झाडाने विश्रामचं जेवतानाचं बोलणं ऐकून साहेबाला कळवलं होतं. नोकरी गेली आणि तेव्हापासून नवऱ्याने घरात तोंड उघडलं नव्हतं.

खोलीत झाड नसलं की भोंगा वाजायचा. म्हणून तिने, फुलाचा दांडा दिसताच कापायचा हुकूम धाब्यावर बसवून, फळं पिकू दिली होती आणि त्यांतलं बी श्रीखंडाच्या डब्यात रुजवलं होतं. बियांपासून उगवलेल्या रोपात तो पिवळा काठ उतरत नाही आणि ऐकणारे कानही उतरत नाहीत. आज बोटभर हिरवं पान वर आलं होतं. भोंगा गप्प होता.

तिने डबा टेबलावर आदळला. "अहो, हे बहिरं आहे! घाला शिव्या त्या साहेबाला!"

विश्रामने डब्यातून सांडलेली माती बोटाने गोळा केली.

"निदान माझ्यावर तरी ओरडा!" ती किंचाळली.

तो उठला. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, त्या इवल्याशा पानापुढे हात जोडले आणि हसून म्हणाला, "साहेब, आमची काही तक्रार नाही."