फुटक्या कुंडीतली झोप

लेकीकडे राहायला आल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता आणि म्हणून लेकीच्याही. खोली तर हौसेने सजवलेली: मोठ्या खिडक्या, मधोमध पलंग, चहूकडून उजेड. जांभया देतच लेक प्राणिसंग्रहालयात कामावर गेली. तिथल्या खडबडीत अंगाच्या बेडकांसाठीही तिने ऐसपैस आवार केलं होतं. पठ्ठे मात्र दिवसभर एका फुटक्या कुंडीत दाटीवाटीने पाठी टेकवून झोपलेले. ती बघतच राहिली. घरी येऊन तिने पलंग ओढत कोपऱ्यात नेला, बाजूला कपाट सरकवलं, जाड पडदा सोडला. “काय गं, मला अडगळीत टाकतेस?” आई कुरकुरली. “आधी पडून तर बघ.” आई कुशीवर वळली, पाठ भिंतीला टेकली. “तुझे बाबा मागे झोपल्यासारखं वाटतंय गं,” म्हणता म्हणता ती घोरूही लागली. पडदा सारखा करायला वाकलेली लेक कामाच्या कपड्यांतच तिच्या पायांशी कलंडली.