चार बोटांची फट

तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं आणि इथे तळघरात थरथर मोजणाऱ्या पडद्यावरची रेघ टुणकन उडाली.

मॅडम गुडघ्यांवर बसल्या आणि जमीन चाचपत भिंतीकडे सरकल्या. खोलीच्या मधोमध, जमिनीच्या पातळीत बसवलेला साठ टनांचा काँक्रीटचा ठोकळा होता. त्याच्या चारही बाजूंनी चार बोटांची फट हवी होती. शनिवारपर्यंत ती होती. आता ठोकळ्यापासून भिंतीपर्यंत जमीन अशी सलग झाली होती, की नखसुद्धा अडकेना.

"हे कुणी केलं?"

"मी," मिस्तरी म्हणाले. शाबासकीची वाट बघणारं हसू त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "काल सुट्टी होती, तरी आलो. तुमच्या इंजिनियर लोकांनी उघडंच टाकलं होतं. म्हटलं, मोठी माणसं बघायला येणार, बरं दिसत नाही."

"मी म्हणत होते, आधी विचारा," दाराशी घमेली रचणारी त्यांची बायको म्हणाली. "पण यांना भोक दिसलं की हात शिवशिवतात. घरात एक कोनाडा शिल्लक ठेवला नाही."

विद्यापीठाचं संशोधन केंद्र आधी सायकल स्टँडमागच्या दोन वर्गांत होतं. रस्त्याने ट्रक गेला की प्रयोग पहिल्यापासून करायचा. मॅडमचे विद्यार्थी दोन ट्रकांच्या मधल्या वेळात पीएचड्या करायचे. अकरा वर्षं मॅडमनी अर्ज केले, नकार पचवले, पुन्हा अर्ज केले. मग ही पाच मजली इमारत उभी राहिली. तिच्या तळघरात एकेक अणू दाखवणारं यंत्र यायचं होतं. त्या यंत्राला थरथर बिलकूल चालत नाही. म्हणून ठोकळा स्प्रिंगांवर तोललेला, आणि म्हणून ती फट. गुरुवारी यंत्र कंपनीचा तपासनीस येणार होता. रेघ सरळ दिसली नाही, तर यंत्र रांगेतल्या दुसऱ्या विद्यापीठाला जाणार होतं. आज सोमवार होता.

मॅडमनी ओरडायला तोंड उघडलं. पण त्यांचं बोट अजून सांधा शोधत होतं. नकाशा त्यांनीच काढलेला, तरी सांधा सापडत नव्हता.

"इतकं सफाईचं काम मी जन्मात बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे फोडायचंय."

मिस्तरींचं हसू मावळलं. "का ते सांगाल?"

मॅडमच्या लक्षात आलं, की एवढी इमारत बांधून झाली, पण या माणसाला प्रत्येकाने फक्त 'काय' सांगितलं होतं. त्यांनी वर फोन करून लिफ्ट चालू करायला लावली. रेघ वेडीवाकडी नाचली.

"हे माझ्या सिमेंटातून येतंय?"

"हो. फट बुजली, आणि अख्खी इमारत ठोकळ्याला चिकटली."

मिस्तरींनी सिमेंटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ड्रिल मशीन लावायचं नाही. ठोकळ्याच्या कडा उडतील. छिन्नीने काढतो."

अठरा मीटर लांबी आणि वीतभर खोली. सिमेंट खाली पडू नये म्हणून कोंबलेली पोती वेगळीच. मिस्तरी असा घाव घालत, की सिमेंटचा तुकडा निघे आणि ठोकळ्याच्या कडेला ओरखडाही उठत नसे. आपलंच काम आपणच फोडताना त्यांचा हात एकदाही घाईला आला नाही. मॅडम तास संपला की खाली येत आणि विजेरी धरून बसत. एक खडा जरी अडकून राहिला तरी थरथर त्यावरून पलीकडे जाणार होती. मिस्तरींचा हात फटीत मावेना, तेव्हा बायको पालथी पडली आणि तारेच्या आकड्याने खडे वेचू लागली.

"यांनी करायचं आणि मी निस्तरायचं," ती मान वर न करताच म्हणाली. "तुमच्याकडेही असंच असतं का हो मॅडम?"

"आमच्याकडे निस्तरायला कमिटी असते," मॅडम म्हणाल्या, आणि तिघंही हसली.

गुरुवारी तपासनीस आला. मोजून बोलणारा माणूस. संवेदक पेटी ठोकळ्याच्या मधोमध ठेवायची होती. मिस्तरींनी चपला बाहेर काढल्या, फट ओलांडली, पेटी ठेवली आणि हलायच्या भीतीने तिथेच श्वास रोखून उभे राहिले. वर लिफ्ट फिरवली. दारं आपटली. रेघ त्यातल्या कशालाच बधली नाही.

पण ती सरळही नव्हती. तिच्यावर एक बारीकसा उंचवटा येत होता. मग थोडं थांबून दुसरा, आणि तसाच तिसरा.

तपासनिसाचं पेन थांबलं. "कुठेतरी स्पर्श होतोय. हे चालणार नाही."

पंप बंद होता. पंखा बंद होता. फट तर त्यांनी स्वतः चार वेळा बघितली होती. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्या उंचवट्यांची चाल त्यांना ओळखीची वाटू लागली.

"मिस्तरी, जरा इकडे या."

मिस्तरी फट ओलांडून आले. रेघ आखल्यासारखी सरळ झाली.

"पुन्हा जा बरं," तपासनीस पुढे वाकून म्हणाला.

मिस्तरी पुन्हा गेले आणि ठोकळ्याच्या कडेलाच उभे राहिले. उंचवटे परत आले, आता जवळजवळ आणि भराभर. मिस्तरींचा चेहरा पांढरा पडला. मॅडमनी फटीवरून हात लांब केला आणि त्यांचं मनगट धरलं. बोटं नाडीवर, डोळे पडद्यावर.

मिस्तरींनी दुसऱ्या हाताने खिशातली छिन्नी काढली. "कुठे चिकटलंय तेवढं सांगा, मॅडम. आत्ता काढतो."

"ते काढायचं नाही, मिस्तरी," मॅडम म्हणाल्या. "ते तुमचं काळीज आहे."