हरायचा डाव

सर्वेशने 'क्यू'चा ठोकळा उचलला आणि पुन्हा पट्टीवर ठेवला. समोर स्क्रॅबलच्या बोर्डावर एक 'ए' मोकळाच उभा होता, आणि पट्टीवर क्यू, यू, आर, टी आणि झेड मांडीला मांडी लावून बसले होते. 'क्वार्ट्झ'! क्यू आणि झेड एकाच शब्दात जमायला नशीब लागतं. पवईच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हा शब्द लागला असता, तर त्याने सगळ्यांना आइस्क्रीम चारलं असतं. पण आज त्याला हरायचं होतं.

"बाबांना हरवू नकोस हां," प्रांजलने फोनवर दहादा बजावलं होतं. "हरले ना, की आठवडाभर घरात कोणाशी बोलत नाहीत. आपल्याला त्यांचा होकार हवाय, ट्रॉफी नकोय."

दोघांचं आपसात ठरून सहा महिने झाले होते. प्रांजलच्या आईची, प्रेमाकाकूंची, ना नव्हती. राहिले होते नंदकिशोरकाका. बोरिवलीच्या त्या अख्ख्या सोसायटीत त्यांच्याशी स्क्रॅबल खेळायला कोणी बसत नसे. डिक्शनरी त्यांनी वाचली नव्हती, पचवली होती. मुलीला बघायला येणाऱ्या मुलापुढे पोह्यांच्या आधी बोर्ड मांडायचा, अशी त्यांच्या घरची रीत. प्रांजलला यापूर्वी दोन स्थळं आली होती. काकांनी दोघांनाही सपाटून हरवलं, वर 'एक्स' असलेले शब्द घडाघडा म्हणून दाखवले. ती मुलं पोहे खाऊन गेली ती गेलीच.

तेव्हा सर्वेशने मन घट्ट केलं. 'क्वार्ट्झ'कडे एकदा शेवटचं डोळे भरून पाहिलं आणि बोर्डावर 'इन' लावला. दोन मार्क.

"वा!" काका म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला, डोकं खाजवलं, मोठा सुस्कारा सोडला आणि 'ऑन' लावला. दोन मार्क.

असंच चाललं होतं. एवढा मोठा बोर्ड, आणि त्यावर बालवाडी भरलेली. सर्वेशने मार्कांच्या वहीत डोकावून पाहिलं. तो चोवीस, काका बावीस. एवढी मेहनत करूनही तो पुढे होता!

आता चुकीचा शब्द लावण्यावाचून इलाज नव्हता. समोरच्याने हरकत घेतली की शब्द बाद, मार्क शून्य. त्याने बोर्डावरच्या एका 'ओ'च्या अलीकडे क्यू ठेवला, पलीकडे आर आणि टी. असा शब्द इंग्रजांच्या बापजाद्यांनीही कधी ऐकला नसेल. तो काकांच्या हरकतीची वाट पाहत बसला.

काकांनी शब्दाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाची शीर उडाली. ओठ हलले. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जुना शब्द दिसतोय. असेल, असेल."

"काका, डिक्शनरीत बघूया ना."

"छे छे. तुझ्यावर विश्वास आहे रे." आणि त्यांनी वहीत तेरा मार्क लिहिलेसुद्धा.

सदतीस विरुद्ध बावीस. वाट लागली! पण आता सर्वेशला नुसती भीती वाटत नव्हती. त्याला वाईट वाटत होतं. ज्या माणसाचा सोसायटीभर दरारा, त्याला साधा खोटा शब्दही ओळखू येऊ नये? वय झालं असेल. विसरायला होत असेल. प्रांजलला हे माहीत तरी आहे का? त्या क्षणी त्याला काकांबद्दल खरोखर माया वाटली, आणि होकार-नकार बाजूला ठेवून त्यांना जिंकवायचंच असं त्याने ठरवलं.

"काका, इथे बघा, तिप्पट मार्कांचा लाल चौकोन रिकामा आहे," तो हळूच म्हणाला. "एखादा मोठा शब्द बसेल."

"कुठे? मला नाही बुवा दिसत."

"हा काय. तुमच्या अगदी समोर."

"पास," काका घाईघाईने म्हणाले.

"मग मीही पास."

"तू कशाला पास? खेळ की!"

"सुचतच नाहीये काही."

"मलाही नाही सुचत. पास."

"पास."

दोघं एकमेकांकडे बघत बसले. कोणी बोर्डाला हात लावायला तयार नव्हतं. काकांचा एक पाय मात्र टेबलाखाली शिवणयंत्र चालवावं तसा हलत होता, आणि कपाळावर घाम आला होता. सर्वेश उठून पाणी आणायला निघणार, इतक्यात आतून फोडणीचा चुर्र आवाज आला आणि त्यामागोमाग प्रेमाकाकूंचा.

"काय हो, कोण जिंकलं? पोहे होतच आलेत हं!"

काका दचकले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग सर्वेशकडे. मग आपली लपवून धरलेली पट्टी हळूच फिरवून त्याच्यासमोर केली. तिच्यावर सातच्या सात ठोकळे ओळीने लावून तयार होते, जे, के आणि एक्ससकट. 'ज्यूकबॉक्स'. तो लाल चौकोन गाठून चांगला शंभराच्या वर गेला असता.

काका टेबलावर वाकले आणि अगदी काकुळतीला येऊन कुजबुजले, "हाही मुलगा हरवून पळवलात तर याद राखा, असा सकाळीच दम मिळालाय मला. जावईबापू, आता तरी जिंका हो!"