फक्कीची भिंत

सासऱ्यांनी फक्कीच्या रेघेवर पाय दिला नाही. बाकीचे सगळे खुशाल देत होते. मोकळ्या प्लॉटवर पांढऱ्या चुन्याने अख्खं घर आखलं होतं आणि नवरा हॉलमधून थेट स्वयंपाकघरात, तिथून मुलींच्या खोलीत असा भिंती तुडवत फिरत होता. ठेकेदार तर जिन्याच्या मधोमध उभा राहून फोनवर बोलत होता. सासरे मात्र वळसा घालून पुढच्या बाजूला आले, रेघेत दाराएवढी जागा सोडली होती तिथे थांबले आणि चपला काढून आत शिरले.

सून ते पाहत होती. नकाशा तिचा होता. बारा वर्षं ती एका ऑफिसात बसून लोकांची घरं काढत आली होती. स्वतःचं हे पहिलंच. उद्या सकाळी खोदाई सुरू व्हायची होती आणि ठेकेदाराला आज एकच उत्तर हवं होतं: मागची खोली ठेवायची की उडवायची. खोली सासऱ्यांसाठी होती आणि सासरे यायला तयार नव्हते.

सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत. गेल्या महिन्यात न्हाणीघरात घसरून पडले, तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तरीही विषय काढला की त्यांचं एकच पालुपद. "माझा पलंग इथून हलायचा नाही." पलंग जुना, सागवानी, चांगला ऐसपैस दोघांचा. का हलायचा नाही, असं विचारलं तर म्हणत, "नकाशा पाहिलाय मी," आणि पेपर उघडून बसत.

म्हणून तिने तीन महिन्यांत पाच वेळा नकाशा बदलला. त्यांच्या खोलीची खिडकी खाली घेतली. बाथरूमला धरायला दांडे लावले. बागेकडचं स्वतंत्र दार रुंद केलं, त्याचा उंबरा काढून टाकला. प्रत्येक वेळी ते चष्मा लावत, क्षणभर कागद बघत आणि नीट घडी घालून परत देत. म्हाताऱ्याच्या मनात तरी काय आहे, या विचाराने तिचं डोकं उठलं होतं.

"बाबा, ही तुमची खोली. सगळ्यात शांत," ती आता म्हणाली आणि हॉलच्या पलीकडच्या चौकोनाकडे बोट दाखवलं.

सासरे आले तसे पुढच्या दाराने बाहेर पडले, चपला घातल्या, संपूर्ण घराला वळसा घालून बागेकडच्या दाराने त्या चौकोनात गेले. मधोमध उभे राहिले. नवऱ्याने तिच्याकडे पाहून खांदे उडवले.

तिने थर्मास उघडला. स्वयंपाकघरात, म्हणजे चार रेघांच्या मध्ये, एका विटेवर पेले मांडले. "चहा घ्यायला या, बाबा."

ते तिच्यापासून सहा पावलांवर होते. मध्ये फक्त एक पांढरी रेघ. पण ते बागेत उतरले, पुन्हा सगळा वळसा घालून पुढच्या दाराशी आले, चपला काढल्या, हॉल ओलांडून तिच्यासमोर उभे राहिले. धाप लागली होती.

"अठ्ठावन्न पावलं," ते म्हणाले.

"अहो बाबा, रेघ ओलांडायची ना सरळ!" नवरा वैतागला. "नुसती फक्की तर आहे."

"आज फक्की आहे. उद्या नऊ इंची भिंत होईल." त्यांचा आवाज चढला नव्हता. "चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय मी. भाडेकरूची खोली मला कागदावरही ओळखता येते."

ठेकेदाराने फोन खिशात टाकला. सुनेने त्या रेघेकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, कुठे वीतभर खंड नाही. पाच वेळा तिने सगळं बदललं होतं, ही रेघ तेवढी बदलली नव्हती. मुलींचा दंगा, मिक्सर, टीव्ही, त्यांना त्रास नको म्हणून, असं ती आता सांगू शकली असती आणि ते खरंही होतं. पण खोटं कशाला बोला, भिंतीच्या अलीकडे सकाळी गाऊनवर फिरता येईल, कुणी काही म्हणणार नाही, हेही पेन्सिल चालवताना तिच्या मनात आलं होतं. पहिल्याच नकाशात त्यांनी ते वाचलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने हातातला पेला खाली ठेवला, त्या रेघेपाशी उकिडवी बसली आणि तळहाताने चुना पुसायला लागली. ओली माती वर आली. हात कोपरापर्यंत पांढरा झाला.

"ताई, दार करायचं का तिथे?" ठेकेदाराने टेप काढली. "अडीच फूट ठेवू?"

तिने मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. मग जवळ आले आणि पुसलेल्या जागेकडे गवंड्याच्या नजरेने बघितलं.

"साडेतीन," ते म्हणाले.

"एवढं मोठं? कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"पलंग न्यायचाय."

"तो काय, बागेकडच्या दाराने जाईल की."

"नाही." सासऱ्यांनी तिचा पांढरा हात धरून तिला उठवलं. "माझा पलंग घरातून जाईल."