उन्हाळी विमा

वर्नने ठोसा मारला तो थेट नाकावर. विम्याचा माणूस बोटीच्या ट्रेलरवर आपटला आणि खाली बसला.

"हा मार्चचा," वर्न म्हणाला. "मोटरसायकलचे पैसे बुडवलेत ना माझे, त्याचा."

माणसाने रुमाल नाकाला लावला. "काय झालं होतं मार्चमध्ये?"

"फोनवर सगळं ऐकवलं की तुला, वॉरेन. तेव्हा आवाज तरी जाड होता तुझा."

"सर्दी होती. परत सांगा. आज बोटीचाही विमा करायचाय, सगळं कळायला हवं."

वर्नने बियरचा कॅन उघडला. "मिनेसोटात मार्चमध्ये एक दिवस ऊन पडलं, तर कोण घरात बसतं? काढली गाडी. तर तुम्ही म्हणता, हिवाळ्यात विमा फक्त शेडमध्ये उभ्या गाडीला. रस्त्यावरचा मे लागल्यावर. अरे, ऊन काय तुम्हाला विचारून पडतं?"

"पडलात कसे?"

"बर्फासाठी टाकलेली वाळू वळणावर तशीच होती. चाक सरकलं. मी गवतात. मागे पोरगी होती, कॅफेतली. ती गेली खांबावर. डोकं कलिंगडासारखं फुटलं."

"हेल्मेट?"

"एकच होतं. ते माझ्या डोक्यावर."

"लगेच गेली?"

"नाही रे, बराच वेळ कण्हत होती." वर्नने घोट घेतला. "मी जरा थांबलो फोन करायला. प्यायलो होतो ना. म्हटलं तोंडाचा वास जाऊ दे."

माणसाने रुमाल मुठीत आवळला. रुमालातून रक्त टपकत होतं.

"हे कुठे बोललास तर याच तळ्यात घालीन तुला."

"नाही बोलणार. नाव काय तिचं?"

"आता कुठे आठवतंय! कोरा... काहीतरी."

"कोरिन."

"हां, कोरिन. तुला काय माहीत?"

"फाइलमध्ये आहे."

माणूस उठला. शेजारी उभ्या वर्नच्या सहलीच्या कॅम्पर गाडीला एक चक्कर मारली, टायर दाबून बघितले. मग बोटीपाशी आला.

"आजच उतरवणार पाण्यात?"

"आत्ता. तू टळलास की लगेच. मासे काय तुझी वाट बघत थांबतील?"

"लाइफ जॅकेट?"

"ते पोराटोरांना."

"पाणी अजून गार असेल. बर्फ आत्ताच वितळलाय."

"बाई आहेस का रे तू?"

"मागचं बूच? हिवाळ्यात काढून ठेवता, आतलं पाणी निघून जायला. मग बरेच जण लावायचं विसरतात."

"सकाळीच पिरगाळून बसवलंय, या हाताने. मला शिकवतोय कारकुंडा!"

"बरं. मोटरचा नंबर तेवढा बघून घेतो."

तो बोटीच्या मागे गुडघ्यांवर बसला. वर्न घरात गेला आणि त्याने सुजलेल्या बोटांवर नळाचं पाणी सोडलं. बाहेर आला तेव्हा माणूस रक्ताळलेला रुमाल गुंडाळून खिशात कोंबत होता.

"झालं?"

"झालं. आजपासून सगळं चालू."

वर्नने त्याची कॉलर धरून त्याला त्याच्याच गाडीवर दाबलं. "या वेळी पैसे अडवलेस ना, तर जबडा मोडीन."

"या वेळी तुम्हाला मागायची वेळच येणार नाही."

वर्न हसला. कॉलर सोडली. माणूस निघाला तेव्हा त्याच्या गाडीच्या दारावर एक लाथ घातली.

बोट पाण्यात सोडून त्याने मोटर फुल्ल केली. नाक वर उचलून बोट सुसाट निघाली. तळ्याच्या मधोमध, खोल पाण्यावर, त्याने मोटर बंद केली. गळ टाकला. दुसरी बियर उघडली.

बियर अर्धी झाली असेल, बुटात गार लागलं.

खाली बघतो तर पाणी घोट्यापर्यंत. तो मागे धावला, तशी बोट मागून आणखी बसली. हात घालून चाचपलं. बूच नव्हतं. हाताला नुसतं भोक लागलं. त्याने अंगठा दाबून धरला, दुसऱ्या हाताने मोटरची दोरी ओढली. मोटर खोकली आणि गप्प झाली. मागच्या कडेवरून तळं आत यायला लागलं.

फोन वाजला. अंगठा सोडून त्याने फोन कानाला लावला. "मदत पाठवा! बोट बुडतेय!"

"हॅलो? हॅलो, वर्न? नीट ऐकू येत नाहीये," जाड आवाज म्हणाला. "मी वॉरेन, विम्यावाला. माफ करा हं, सकाळपासून गाडी बंद पडलीय, आज काही मला तुमच्याकडे येता आलं नाही."