एकोणिसावा वस्तरा

"नाही म्हणजे नाही," हेडविग ब्रोखर म्हणाल्या आणि त्यांनी कॉफीचा कप लिंडनरपुढे सरकवला. "बाबांची तेवढी एकच वस्तू उरलीय माझ्याकडे."

योसेफ लिंडनरने मान डोलावली. हा अकरावा नकार. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो कोलोनहून झोलिंगेनला यायचा, नदीकाठच्या या घरात कॉफी प्यायचा आणि हात हलवत परतायचा.

खिडकीबाहेर वुपर नदी गढूळ वाहत होती. पात्यांना धार लावणारं पाणचाक थांबून कित्येक वर्षं झाली होती. त्यावर शेवाळ माजलं होतं.

जुने वस्तरे जमवणारी मंडळी ऑगस्ट ब्रोखरचं नाव घेताना आवाज खाली आणत. युद्धाच्या तीन वर्षांत एकोणीस वस्तरे, ऐरणीपासून मुठीपर्यंत एकाच हातचे. पातं इतकं पातळ, की नखाने टिचकी मारली तर गुणगुणायचं. पंचेचाळीस साली त्याने वस्तरे घडवणं थांबवलं ते कायमचं.

त्या एकोणिसांतले अठरा लिंडनरने तीस वर्षं वणवण करून मिळवले होते. एक ल्योनच्या न्हाव्याकडून, एक हाम्बुर्गच्या बोटीवरल्या आचाऱ्याकडून. त्यापायी गाडी विकली. बायकोही कंटाळली. जाताना म्हणाली, "त्या पात्यांशीच लग्न करायचं होतंस."

"संग्रहालयाचं पत्र आलंय," बाई म्हणाल्या. "बाबांच्या नावाची खोली करायची म्हणतात. पितळी पाटी, फोटो, सगळं. वस्तरा मागतायत."

लिंडनरचा चमचा कपातच थांबला. "देणार?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"वडील तुमचे. मी कोण सांगणार?"

"पण तुम्हाला बाबांचेच वस्तरे का लागतात? या गावात काय कारागिरांचा दुष्काळ होता?"

"असं पातं दुसऱ्या कुणाला जमलं नाही."

बाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही मूळचे कुठले म्हणालात?"

"सायलेशियाचा. पार पूर्व सीमेवरचा."

"हां, म्हणालात खरं. बोलणं जरा वेगळं वाटतं तुमचं."

"आमच्याकडे असंच बोलतात."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "युद्धात गावात हाताशी माणसं कुठली? पूर्वेकडून धरून आणलेले कैदी होते. आमच्याकडेही एक होता, युक्रेनचा. ओस्ताप. मी तेव्हा सोळा वर्षांची. त्याच्याशी बोलायची बंदी होती. शेवटच्या हिवाळ्यात पळाला. पुलापाशी गाठून गोळी घातली त्याला, असं बाबा सांगायचे."

"युद्धात अशी बरीच गेली," लिंडनर म्हणाला. कॉफी कधीच गार झाली होती, तरी त्याने एक घोट घेतला.

बाई उठल्या. कपाटाचा खालचा खण ओढून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला वस्तरा काढला आणि त्याच्या हातात दिला.

लिंडनरने तो उघडला. उजेडाकडे धरला. पात्याच्या पाठीवरून सावकाश अंगठा फिरवला. मुळाशी ठोकलेलं ब्रोखरचं नाव आलं तिथे अंगठा थबकला. त्याने वस्तरा मिटला.

"किती देऊ?"

"पैसे नकोत. डॉक्टर म्हणतो, पुढचा उन्हाळा काही मला दिसत नाही." त्या शांतपणे खुर्चीत टेकल्या. "पहिल्याच रविवारी दिला असता. पण मग पुढच्या महिन्यात तुम्ही आला असतात का?"

लिंडनरने वस्तरा फडक्यात गुंडाळला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि उठला. अठरा जणांचा निरोप घेताना जे वाक्य तो बोलला होता, तेच सवयीने आताही तोंडातून निघालं. "ऑगस्ट ब्रोखरसारखा हात पुन्हा होणे नाही, बाई."

"बाबांना असं पातं उभ्या जन्मात जमलं नाही. त्यांनी फक्त नाव ठोकलं," हेडविगबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा कप उचलला. "ताजी कॉफी करते. बस, ओस्ताप."